कोरम

मिहीर साठ्ये म्हणाला, एकच पान ठेवा, मॅडम,
बोर्डावरची माणसं दुसरं पान उलटत नाहीत.
एकतीस वर्षांची घडी घातली:
चाकणच्या प्लांटचे हिशेब, दोन विलीनीकरणं,
संपाच्या वर्षीचा तो मार्च, ज्यात एकही पगार थकला नाही.
दापोडी बसली नाही त्या पानात.
फाटकाजवळची खोली तर नाहीच.

स्वतंत्र संचालकांची परीक्षा दिली,
घरीच, रविवारी, कुकरच्या शिट्या मोजत.
पास झाले. आठ आकडी नंबर आला.
मुलगा म्हणाला, आई, तुझा नवा पिनकोड.

मग कॉफी.
बोट क्लब रोडला कॉफी, बाणेरला कॉफी,
मुलाखत म्हणत नाही कुणी तिला,
सहज भेटू म्हणतात.
आणि सहज विचारतात,
रणपिसे म्हणजे मूळचे कुठले?
दापोडीचे.
नाही, म्हणजे मूळचे?
खडकीचे, मी म्हणते. वडील दारूगोळा फॅक्टरीत होते.
समोरचा साखर ढवळत राहतो,
साखर विरघळून गेलेली असते तरी.

पुण्यात जात कुणी विचारत नाही.
गाव विचारतात, शाळा विचारतात,
माहेरचं आडनाव विचारतात, आणि मग
हवा फार बिघडली हो हल्ली.

तिसऱ्या ठिकाणहून निरोप आला,
अनुभव उत्तम आहे, पण फिट वाटत नाही.
मी शिंप्याला विचारावं तसं विचारलं,
नेमकं कुठे सैल होतंय?
मिहीर हसला नाही. भला मुलगा आहे.
म्हणाला, कायद्याने एक बाई लागते ना,
ती आहे त्यांच्याकडे. चेअरमनची वहिनी.
वर्षाला चार बैठका, चार पैठण्या, मी म्हटलं,
आणि रात्रभर त्या वाक्याची लाज वाटली.
तीही कुठेतरी गप्प बसायला शिकलीच असेल.

आई भिशीची खजिनदार होती.
विहारामागच्या खोलीत शनिवारी सभा.
कोरम हा शब्द वडिलांच्या युनियनमधून तिने उचललेला,
आणि मोजायची दाराबाहेरच्या चपला.
बावीस म्हणजे अकरा बायका, अकरा म्हणजे कोरम.
एकदा कुत्र्याने एक पळवली, एकवीस भरल्या,
तर सभा थांबवून आत आली, तोंडं मोजून गेली.
तिला लिहिता येत नव्हतं. वही माझ्याकडे, वय तेरा.
ठराव सात: सुलोचनाला आठशे रुपये, नवऱ्याला न सांगता.
सूचक, अनुमोदक, मंजूर.
मी वही मिटायला लागले की म्हणायची,
थांब, जिनं नाही म्हटलं तिचं नाव लिहिलंस का?
पण ती एकटीच होती, आई.
म्हणून तर लिही.

भोसरीची कंपनी, गिअरचे सुटे भाग.
सातवी कॉफी, आणि मग चक्क पत्र.
पहिल्या बैठकीला खुर्ची इतकी मऊ
की पाय जमिनीला जेमतेम टेकले.
टेबलाखाली सहा जोड बूट, पॉलिश केलेले.
कोरम माझ्याशिवायही पुरा होता.

विषय नऊ. चेअरमनच्या पुतण्याची तळेगावची जमीन,
बाजारभावाच्या दीडपट.
माना डोलल्या. बिस्किटांची बशी पुढे सरकली.
मूल्यांकनाचा दुसरा अहवाल कुठे आहे?
बशी थांबली.
कुणीतरी म्हणालं, तुम्ही नव्या आहात, हळूहळू कळेल.
मी म्हटलं, माझा विरोध नोंदवा.
सेक्रेटरीचं पेन हवेत.
नावानिशी?
नावानिशी. आडनावासकट.

ठराव मंजूरच झाला, पाच विरुद्ध एक,
चेअरमन नियमाप्रमाणे गप्प.
विषय दहा सुरू झाला तेव्हा
मी टेबलाखाली पायाने चाचपत होते
माझी डावी चप्पल,
केव्हा निघाली होती कोण जाणे.